साहेबांनी लिहिलेला ‘फेअर’

आमची अमरावतीची शाळा तपासायला आलेले गोरे साहेब माझ्या वर्गात पाव तास उभे होते. त्यांच्यासाठी तहसील कचेरीतून मागून आणलेली खुर्ची भिंतीशी तशीच राहिली. मी अपूर्णांक शिकवत होतो. मुलं खणखणीत बोलली, फळ्यावरचं उदाहरण पहिल्या फटक्यात सुटलं. साहेबांनी एकदा मान हलवली, पण ती होकाराची की माशी हाकलायची, ते कळलं नाही. मग ते हेडमास्तरांच्या खोलीत गेले, शेरेबुकात काहीतरी लिहिलं आणि घोड्यावर बसून एलिचपूरच्या रस्त्याला लागले.

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी ते बुक माझ्यापुढे सरकवलं. ते पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. म्हणाले, “वाचा. तुम्हाला इंग्रजी येतं ना?”

येतं, असं मीच त्यांना सांगितलं होतं. खरं तर मी इंग्रजीचं पहिलं पुस्तक संपवलं होतं आणि दुसऱ्याची निम्मी पानं. माझ्या नावापुढे एक ओळ होती. त्यातला ‘गणित’ लागला, ‘वर्ग’ लागला. शेवटी एकच शब्द एकटा होता, त्यापुढे टिंब. फेअर.

“ठीक,” मी म्हणालो.

“ठीक,” हेडमास्तरही म्हणाले आणि बुक पेटीत ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसासाठी दलाल अमरावतीच्या वेशीवर गाड्या अडवून उभे राहत होते. ज्याच्याकडे चार बिघे काळी जमीन होती त्याच्या घरावर नवीन कवेलूंचं छप्पर चढत होतं. आम्हा भिक्षुकाच्या घरातल्यांकडे जमीन नव्हती. माझ्याकडे एकच आशा होती. अकोल्याला सरकारी इंग्रजी वर्ग निघणार होता आणि त्यावर आमच्या भागातला एक मास्तर घेणार होते. घेणारे हेच साहेब. म्हणजे माझं पुढचं सगळं त्या एका शब्दात होतं, आणि तो मला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडे गेलो. तो इंग्रजी कागदांच्या नकला करत असे. सहज विचारल्यासारखं विचारलं, “फेअर म्हणजे काय हो?”

“फेअर? अहो, रोजचंच काम आमचं. आधी कच्चा मसुदा, मग फेअर. म्हणजे स्वच्छ नक्कल.” त्यानं लेखणी कानावर ठेवली. “कुणी लिहिलं?”

“असंच. एका कागदाखाली होतं.”

“मग तो कागद कच्चा असणार. फेअर करून आणा, असा हुकूम.”

दिवसभर माझं वर्गात लक्ष नव्हतं. साहेबांनी लिहिलेली ओळ कच्ची असेल, तर पक्क्या ओळीत काय येणार होतं? की मलाच काहीतरी पुन्हा लिहून द्यायचं होतं? एका मुलानं सतरा साते चुकवलं आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्याच मुलानं ते दाखवून दिलं.

त्याच आठवड्यात वलगावचे आमचे यजमान कापूस घेऊन बाजारात आले. माझ्या वडिलांपासून त्यांच्याकडची सत्यनारायण, वास्तुशांत आमच्याच घराकडे. गाडी रिकामी झाली की ते आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबत. मला पाहून म्हणाले, “काहून गुरुजी, तोंड असं उतरून काहून गेलं?”

त्यांना इंग्रजीचा गंध नाही म्हणून मी निर्धास्त सांगून टाकलं, की साहेबांनी माझ्यापुढे ‘फेअर’ असं लिहिलंय.

ते ताडकन उभे राहिले. “फेअर? अवो, आजच आयकला मी हा शब्द! गोऱ्यानं माह्या कापसाची मूठ उचलली, दोन आंगठ्यानं ताणून पाह्यली, न दलालाले म्हने फेअर. दलाल म्हने, पाटील, पास झाला तुमचा माल. मांगच्या गाडीवाल्याचा कापूस त त्यानं हातातबी नाही धरला. म्हंजे तुमीबी पास!”

“मास्तरांचं आणि कापसाचं एक कसं असेल?”

“सायेब त एकाच जातीचे हायत ना?”

आतून माझी बायको हसली. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात मी त्यांना अडवायचं विसरलो. त्यांनी जाताना बाजारात चार जणांना सांगितलं, वेशीवर दोघांना सांगितलं, आणि वलगावला पोचेपर्यंत मी साहेबांनी पास केलेला पहिल्या नंबरचा मास्तर झालो होतो.

मला मात्र चैन पडेना. शेवटी एका वकिलांकडे गेलो. त्यांच्याकडे इंग्रजी-मराठी कोश होता, जाडजूड, दोन हातांनी उचलावा लागे असा. त्यांनी तो बाहेर न्यायला दिला नाही, पण ओसरीवर बसून उतरून घ्यायला परवानगी दिली. मी एका कागदावर सगळे अर्थ उतरवले आणि घरी येऊन बायकोला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती.

“गोरा, रूपवान.”

“तुम्ही?” ती म्हणाली.

“निरभ्र, आकाशाविषयी. न्यायाचा, पक्षपात न करणारा. अनुकूल, वाऱ्याविषयी. जत्रा.”

“जत्रा?”

“तोही अर्थ आहे. मग शेवटी: बरा, मध्यम.”

तिचा हात सुपात थांबला. “हाच असेल,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“शेवटी लिहिलाय म्हणून नाही. पण तुम्ही तोच सगळ्यात हळू वाचलात.”

मी तिच्यावर चिडलो. न्यायाचा का नसेल, मी मुलांत पक्षपात करत नाही, साहेबांनी तेच पाहिलं असेल, असं बरंच बोललो. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. त्या दिवसापासून मी तो कागद बंडीच्या खिशात घेऊन हिंडू लागलो. अंघोळीला जाताना काढून ठेवायचो आणि आल्यावर आधी तो आहे ना ते बघायचो. एकेका दिवशी एकेक अर्थ मला खरा वाटे. सकाळी न्यायाचा, दुपारी मध्यम.

पौष लागला तसं वलगावहून आम्हा दोघांना बोलावणं आलं, हुरड्याला. शेतात गोवऱ्यांच्या आगटीभोवती पंधरा-वीस माणसं बसली होती. कणसं भाजून झाली, हातावर चोळून हुरडा पुढे आला, आणि तेवढ्यात यजमानांनी एक कोरं पागोटं काढलं. “आपल्या गुरुजीले सायबानं फेअर लिवून देल्लं,” ते सगळ्यांना म्हणाले. “वऱ्हाडातल्या मास्तरात पयले. आता हे अकोल्याले इंग्रजी शिकवाले जानार.”

मला बोलता आलं असतं. खिशात कागद होता, तोंडात जीभ होती. पण म्हातारे लोक माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. मी मान वाकवली आणि पागोटं डोक्यावर घेतलं. एकानं विचारलं, “फेअरच्या वर अजून काई असते का हो गुरुजी?” आणि मी म्हणालो, “नसावं.”

परतीच्या वाटेवर मी बायकोला म्हटलं, “मी अकोल्याला जाऊन येतो.”

“साहेबांना विचारायला?”

“हो.”

“संक्रांतीची सुटी आहे, जा,” ती म्हणाली. “घरात तुम्ही असून नसल्यासारखेच आहात.”

वलगावच्याच एका गाडीवानाची दमणी मिळाली, दोघांना बसता येईल एवढी हलकी बैलगाडी. पण हलकी असून उपयोग झाला नाही. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरला होता, सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे. कडेच्या बाभळींच्या काट्यांना रुई अडकून झाडं म्हातारी दिसत होती. कुणी वाट देईना. ओरडून ओरडून आमच्या गाडीवानाचा घसा बसला. मूर्तिजापूरपर्यंत मी निम्मा रस्ता उतरून गाडीच्या पुढे चालत होतो, जणू मी चाललो म्हणजे बैल लवकर पोचतील.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला साहेबांच्या बंगल्यावर गेलो. शिपायानं सकाळभर पडवीत बसवून ठेवलं. आत बोलावलं तेव्हा मनात जुळवलेली सगळी वाक्यं नाहीशी झाली होती. साहेब मराठी बोलत, पुस्तकातली आणि सावकाश.

“तुम्ही अमरावतीचे. अपूर्णांक,” ते म्हणाले.

मी चकित झालो. “साहेब, आपण माझ्यापुढे एक शब्द लिहिलात. फेअर. त्याचा अर्थ काय समजावा?”

“तुम्ही ह्यासाठी आलात?”

“हो.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. “तो शब्द वाईट नाही.”

“मग चांगला आहे?”

“चांगला असता, तर मी ‘गुड’ लिहिले असते.”

पायाखालची सतरंजी निळी होती, एवढंच आता आठवतं. साहेबांनी कागद बाजूला केले. “तुमचे गणित स्वच्छ आहे. पण तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मुलगा तोंड उघडतो, त्याच्या आधी तुम्ही बोलता. पाव तासात मी अकरा प्रश्न ऐकले. मुलांनी दोनच उत्तरे दिली. ते सगळे तुमच्या मागून मोठ्याने म्हणतात, म्हणून तुम्हाला वाटते, त्यांना येते.”

हे खोटं आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. ते खोटं नव्हतं. वर्गात शांतता पसरली की मला धीर निघत नसे, हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त ते कुणी मोजलं नव्हतं.

“आणि अकोल्याचा इंग्रजी वर्ग?” मी विचारलं.

“त्याची निवड झाली आहे. तुम्ही नाही.” मग ते थोडे मवाळ झाले. “मी अनेक शाळांत ‘फेअर’ लिहिले. विचारायला कोणी आले नाही.”

शेरा बदलतील असं मला कुठेतरी वाटत होतं. त्यांनी तो बदलला नाही, आणि मीही बदला म्हणालो नाही.

परत येताना मी चाललो नाही. गाडीत पडून राहिलो. रिकाम्या गाड्या झपाझप आमच्या पुढे जात होत्या आणि मला कसलीच घाई उरली नव्हती. म्हणजे तसं मी स्वतःला सांगत होतो. बडनेरा दिसू लागलं तसा मी उठून बसलो. घरी न जाता मी गाडी वलगावकडे वळवायला सांगितली. पागोटं गाडीतच होतं. साहेबांपुढे घालायचं म्हणून नेलं होतं.

यजमान खळ्यात बसले होते, गावातले पाच-सहा जण सोबत. उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं. फेअर म्हणजे पहिला नंबर नाही. त्याच्यावर ‘गुड’ आहे, आणखीही असतील. फेअर म्हणजे बरा. मला हे हुरड्याच्या दिवशी अर्धंमुर्धं ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. अकोल्याची जागा दुसऱ्याला मिळाली. मग पागोटं त्यांच्यासमोर ठेवलं.

एक जण खाकरला.

“माह्या कापसालेबी मंग बराच म्हनला काय तो?” यजमानांनी विचारलं.

“कापसाचं मला माहीत नाही.”

“मले त लय आनंद झाल्ता.” त्यांनी पागोट्याकडे पाहिलं. “हे उचला. देल्लेलं परत घेत नसतो आमी. पन एक सांगतो गुरुजी. तुमी त्या दिवशी बोलाले पाह्यजे होतं. चार लोकात माहं हसू झालं.”

ते खरंच रागावले होते. गूळपाण्याचं कुणी विचारलं नाही. पुढच्या श्रावणात त्यांनी पूजेला बोलावलं ते माझ्या धाकट्या भावाला. वर्ष-दीड वर्ष तसंच गेलं. मग त्यांच्या सुनेला मुलगा झाला, तेव्हा बारशाला स्वतः येऊन मला घेऊन गेले. त्या गोष्टीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

शाळेत मी गप्प राहायला शिकू लागलो. प्रश्न विचारायचा आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. पहिल्या दिवशी सातापर्यंत पोचलो आणि उत्तर तोंडातून निसटलं. मुलं मोठ्यानं माझ्यामागून म्हणाली. दुसऱ्या दिवशी हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो. वर्ग इतका शांत झाला, की हेडमास्तर दारात येऊन पाहून गेले. मुलांना वाटलं मी रागावलोय. दिवाळीपर्यंत कुठे त्यांना कळलं, की मी त्यांची वाट बघतोय. मला तो गप्प वेळ शेवटपर्यंत सोसला नाही. अजूनही सोसत नाही.

लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, आणि अकोल्याला निवडलेला मास्तर मुंबईला निघून गेला. रिकाम्या जागेवर मला पाठवलं. साहेब तोवर विलायतेला परतले होते; माझा शेरा कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. पहिल्या सहामाहीला मुलांच्या वह्या तपासून वहीवरच्या शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एक शब्द लिहायचा होता. दोन वह्यांवर मी ‘फेअर’ लिहिलं आणि तिसऱ्या वहीशी अडलो. मग परत पहिल्या वहीवर गेलो आणि शब्दाखाली मराठीत लिहिलं, काय बरोबर आलं, कुठे चुकलं, काय पुन्हा करायचं. सगळ्या वह्या तशा करायला तीन दिवस लागले.

नवे हेडमास्तर वह्या चाळत म्हणाले, “मास्तर, रकाना एका शब्दाचा आहे.”

“हो,” मी म्हणालो. “दिसतंय मला.”

पुढच्या सहामाहीला मी अक्षर बारीक काढलं.