तात्यांचा डावा पाय

आमच्या तात्यांनी मोटारसायकल कधी पुढून बघितली नाही. शोरूममध्ये शिरले की ते थेट मागच्या बाजूला जायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि गादी घेताना दाबून बघतात तशी मागची सीट तळहातानं दाबून बघायचे. टाकी, हँडल, तो भला मोठा गोल दिवा, यांच्याकडे पाठ. विकणारा पोरगा पुढं उभा राहून इंजिनाची ताकद सांगत असायचा आणि तात्या मागून विचारायचे, "पावणं, ही शीट हाय का पोळपाट?" त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. पुढनं सगळ्याच देखण्या असत्यात, गाडी मागनं बघायची.

तात्या म्हणजे माझे चुलते. कोल्हापूरजवळच्या उचगावात त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तरुणपणी त्यांच्याकडे बुलेट होती आणि तिच्या आवाजावर गल्लीतली माणसं घड्याळ लावायची, असं ते सांगायचे. दुसरं कुणी तसं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या पायाला. बाकीच्या गाड्यांचं नेमकं उलटं. तात्यांना या उलटेपणाचाच अभिमान होता. आपल्या डाव्या पायासारखा पाय जिल्ह्यात नाही, असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे.

एकदा बुलेट गॅरेजमध्ये पडून होती, म्हणून मित्राची नवी मोटारसायकल घेऊन ते काकीला तिच्या माहेरी, मुरगूडला सोडायला निघाले. वाटेत उसाच्या फडातून म्हैस आडवी आली. तात्यांच्या डाव्या पायानं इतकी वर्षं जे इमानानं केलं तेच केलं, जोर लावून खाली दाबला. तिथं ब्रेक नव्हता, गिअर होता. म्हशीला काही झालं नाही. तात्यांना खरचटलं. काकीचा डावा गुडघा गेला, तो पुढं कधी पुरता वाकला नाही.

काकीनं त्यावरून तात्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. मला वाटतं, तेच त्यांना जास्त जड गेलं. भांडली असती तर यांनाही चार शब्द बोलता आले असते आणि विषय संपला असता. त्यांनी बुलेट विकली, दुकानासाठी छोटी व्हॅन घेतली आणि दुचाकीला हात लावायचं सोडलं. कोल्हापुरात हे सोपं नाही. इथं माणूस कोपऱ्यावरचं दूध आणायलासुद्धा गाडीवरून जातो. तात्या चालत जायचे. मागून मोटारसायकल आली की मान न वळवता, तिची चेन सैल आहे की सायलेन्सर फाटलाय, ते पुटपुटायचे आणि रस्त्याच्या आणखी कडेला सरकायचे.

दुकान माझ्या थोरल्या भावाच्या हाती दिल्यावर एके दिवशी त्यांनी जेवताना जाहीर केलं की मोटारसायकल घ्यायची आहे. आम्ही सगळे काकीकडे बघायला लागलो. ती भाकरी वाढत होती. म्हणाली, "घ्या की. मी बसणार न्हाय."

तात्यांनी भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती मागं बसली न्हाय तर गाडीचं काय लोणचं घालू?" तेव्हा मला कळलं की म्हाताऱ्याला मोटारसायकल चालवायची हौस होती ती वेगळी, पण खरं त्यांना काकीला मुरगूडला नेऊन सोडायचं होतं. ती खेप अर्धी राहिली होती.

मग शोरूमच्या वाऱ्या सुरू झाल्या. मी बरोबर असायचो. क्रूझरच घ्यायची हे पहिल्याच फेरीत ठरलं, कारण ती बसकी असते. तात्यांचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकायचे आणि काकीलाही फार चढावं लागलं नसतं. घोडं अडलं ते मागच्या सीटवर. या क्रूझर गाड्या पुढच्या माणसाला जहागीरदारासारखं बसवतात आणि मागच्याला पाहुण्यासारखं कडेला टेकवतात. एका ठिकाणी तर मागची सीटच नव्हती. विकणारा कौतुकानं म्हणाला, हल्ली एकट्यानं लांब फिरायची फॅशन आहे. तात्या म्हणाले, "एकट्यानं फिराय मी काय वळू हाय?"

त्यांची परीक्षा घ्यायची रीतही न्यारी. टाय घातलेल्या पोराला ते मागं बसायला सांगायचे. तेही साधं नव्हे, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. साडी नेसली आहे असं समजायचं आणि डावा गुडघा वाकवायचा नाही. पोरगा बिचारा गिऱ्हाईक म्हणून बसायचा, त्याचा ताठ पाय हवेत राहायचा, आणि तात्या त्या पायाकडे बराच वेळ बघून नको म्हणायचे. दोन शोरूममध्ये आम्हाला नंतर चहासुद्धा कुणी विचारला नाही.

शेवटी एक मिळाली. काळी, जड, रुंद पाठीची. उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तात्यांनी तिला मागं टेकायला पाठ करून घेतली आणि ताठ पाय ठेवता येईल अशी लांब पट्टी बसवून घेतली. गाडी दारात आली तेव्हा काकीनं तिला ओवाळलं, हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. तात्या मागच्या सीटवरची धूळ पुसत उभे राहिले. धूळ नव्हती. काकी ताट घेऊन आत निघाली आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आधी पाय सुधारू दे. मग बघू."

हाताला सगळं आठवत होतं. क्लच, वळण, तोल, पहिल्याच दिवशी तात्या असे चालवायला लागले की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. पण तीच तर अडचण होती, कारण पायालाही सगळं आठवत होतं. रोज सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर ते उजव्या पायानं ब्रेक दाबायचा सराव करायचे. सावकाश चालताना चुकायचे नाहीत. मी काकीला तसं सांगितलं. काकी म्हणाली, सावकाश म्हैस कधी येती का?

तिनं स्वतःची परीक्षा सुरू केली. तात्या खुर्चीत पेपर वाचत असले, दाढी करत असले, की ती स्वयंपाकघरातून एकदम ओरडायची, "अहो, म्हैस!" आणि दारात येऊन बघायची की कुठला पाय खाली दाबला गेला. दर वेळी डावा. काकी "न्हाय अजून" म्हणायची आणि आत जायची. एका लग्नात तिनं पंगतीत असंच केलं. पाहुणे उठून दाराकडे बघायला लागले, आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांनी तात्यांच्या पायाखालून आपला पाय ओढून घेतला. एकदा तर खरंच म्हैस आली. अंगणात वाळत घातलेली ज्वारी खायला लागली, काकी ओरडत राहिली, आणि तात्या खुर्चीत बसून कुठला पाय दाबला ते तपासत होते.

गल्ली हसायची, मीही हसायचो. तात्या हसायचे नाहीत. चुकल्यावर त्या डाव्या पायाकडे ते असं बघायचे की मला नंतर नंतर हसायचं जिवावर यायला लागलं. मागच्या सीटवर त्यांनी त्या काळात कुणाला बसू दिलं नाही. मी एकदा चौकापर्यंत सोडा म्हणालो तर म्हणाले, "ती जागा दिल्याली हाय."

आणि एका दुपारी ते शेंगा फोडत बसले होते. काकीनं हाक दिली. उजवा पाय दाबला गेला. डावा जागचा हलला नाही. तात्यांच्या ते लक्षातही आलं नाही, ते शेंगा फोडत राहिले. काकीनं थोडा वेळ दारात उभं राहून बघितलं, आत गेली आणि चांगली साडी नेसून बाहेर आली. "चला. मुरगूडला जाऊन येऊ." तात्यांच्या हातातल्या शेंगा तिथंच राहिल्या.

त्या प्रवासाबद्दल दोघांनीही फारसं सांगितलं नाही. पुढं दोघं बरंच हिंडले. बाजाराला, लग्नाकार्याला, कधी उगीचच. काकीचा ताठ पाय त्या पट्टीवर आणि हात तात्यांच्या खांद्यावर. तात्या आता गाडी मागूनच काय, कुठूनच बघायचे नाहीत. बघायचं कारण उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यात ते छताकडे बघत पडून असायचे. डॉक्टर डावा पाय हलवा म्हणायचे, हात दाबा म्हणायचे, ते काहीच करायचे नाहीत. आम्ही कोण आहोत हे त्यांना कळतं की नाही, हेच आम्हाला कळत नव्हतं. मी धीर सोडला होता. काकी बाजूच्या स्टुलावर पाय लांब करून बसून असायची. एका दुपारी ती वाकली आणि ओरडली नाही, नुसती बोलल्यासारखी म्हणाली, "अहो, म्हैस."

चादरीखाली डावा पाय दाबला गेला. दोनदा. मग तात्यांनी छतावरची नजर काढून काकीकडे वळवली, आणि चुकल्यावर बघायचे अगदी तसंच बघितलं. ओठ हलवायला लागले. काकीनं त्यांचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"असू दे," ती म्हणाली. "आज चालतंय."

मी बाहेर जाऊन रडलो.

तात्या त्यानंतर फार राहिले नाहीत. गाडी विकून टाक असं काकीला बऱ्याच जणांनी सांगितलं, तिनं ऐकलं नाही. मुरगूडला जायचं झालं की आता मी नेतो. पहिल्यांदा न्यायच्या आधी मी चहा घेत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली. माझा उजवा पाय दाबला गेला. बुलेट मी कधी चालवलेलीच नाही. काकी दारात आली, पायाकडे बघितलं, पण पास झालो म्हणून तिला काही आनंद झाल्याचं दिसलं नाही.

"तुझं काय," ती म्हणाली, "तुला विसरायचं काय व्हतं?"

मग पदर खोचून बाहेर आली, मागची सीट हातानं पुसली आणि बसली.