बर्फ छान पडला होता

"एप्रिलमध्ये कोण स्कीइंगला जातं?" मी फोनवर ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "आम्ही जातो. गर्दी नसते. आणि केबिनवर लेकीची खोली रिकामी आहे, ती परीक्षेत अडकलीय. येतेस तर ये."

ताईचं बोलावणं असंच असायचं. तिचं लग्न होऊन ती अमेरिकेत आली तेव्हा मी शाळेत होते. वेस्ट विंडसरला तिचं मोठं घर, नागरिकत्व, बागेत तिने स्वतः लावलेली गुलाबांची झाडं. मी तिच्या कितीतरी वर्षांनंतर कंपनीच्या व्हिसावर पुण्याहून आले आणि पिस्कॅटवेला एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहिले, ती अजून तिथेच आहे. गाडीने फार तर अर्ध्या तासाचं अंतर, पण आम्ही भेटायचो गणपतीला आणि दिवाळीला. तेव्हाही ती चार लोकांत माझं इंग्रजी सुधारायची, माझ्या भाजीत मीठ घालायची. त्यामुळे तिने बोलावल्याचा मला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला.

शुक्रवारी आम्ही व्हरमाँटला निघालो. ताई, तिचे मिस्टर आणि मागच्या सीटवर मी. वर जाताना रस्त्याच्या कडेला नुसता चिखल आणि मेलेलं पिवळं गवत. डोंगर दिसला तर त्यावर बर्फाचे पांढरे पट्टे, मधून उघडी जमीन. "झालं, वाया गेला वीकेंड," ताई सारखी म्हणत होती. भावजी गाडी चालवत गप्प होते. ते बहुतेक वेळा गप्पच असतात.

शनिवारी सकाळी उठून पडदा सरकवला तर बाहेर काही दिसेना. गाडी गायब होती, तिच्या जागी एक उंचवटा होता. रात्रभर बर्फ पडला होता आणि अजून पडत होता, मोठाल्या पाकळ्यांचा, आवाज न करता. शेजारच्या केबिनमधला म्हातारा फावडं घेऊन बाहेर उभा होता आणि लहान मुलासारखा ओरडत होता की उभ्या हिवाळ्यात असा बर्फ पडला नाही.

मी अंघोळ करून आले तेव्हा ताई पोर्चवर फोनवर बोलत होती. आत आली तर तिचे गाल लाल झाले होते. मला वाटलं, थंडीने.

"वायफाय गेलंय," ती म्हणाली. "वादळाने गेलं असेल. चल, बूट घाल. असा बर्फ परत मिळायचा नाही."

माझ्या फोनला त्या डोंगरात अजिबात रेंज नव्हती, तिच्या फोनला होती. मी तिला म्हणाले, "मला बाबांना फोन करायचाय. रोज करते मी."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा पुण्यात माझ्या मोठ्या भावाकडे राहायचे. रोज सकाळी ऑफिसला जाताना मी त्यांना व्हिडिओ कॉल करायची. ते मला रात्रीच्या जेवणात काय आहे ते सांगायचे आणि मी त्यांना हायवे दाखवायची. इतकंच.

"माझं आत्ताच बोलणं झालंय," ताई म्हणाली. "सांगितलंय त्यांना, इथे तुला रेंज नाही म्हणून. काळजी करू नकोस."

भावजी टोस्टला लोणी लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्या दिवशी मी स्कीइंग शिकले. आधी दोनदा प्रयत्न करून झाला होता, दोन्ही वेळा कडक, निसरड्या बर्फावर, लहान मुलांच्या उतारावर पडून पडून गुडघे सुजवून घेतले होते. पण हा बर्फ पिठासारखा मऊ होता. पडलं तरी लागत नव्हतं, आणि लागत नाही म्हटल्यावर भीती गेली. ताई माझ्याकडे तोंड करून उलटी घसरत होती आणि ओरडत होती, "पिझ्झा कर, पिझ्झा!" म्हणजे पुढून दोन्ही स्की जवळ आणायच्या, मागून फाकवायच्या, की वेग कमी होतो. इथे पोरांना असंच शिकवतात. मी पिझ्झा केला. मी थांबले. परत निघाले आणि वळले. ताईने दोन्ही काठ्या वर करून आरोळी ठोकली.

"बघ! जमतंय तुला! उगाच घाबरत होतीस!"

माझ्या आयुष्यात तिने माझं असं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. तिने माझ्या हनुवटीखालची टोपीची नाडी स्वतः बांधली. लिफ्टच्या पाळण्यात आम्ही शेजारी बसलो, पाय खाली लोंबत होते, पाइनची झाडं वाकून गेली होती. तिने माझा हात हातात घेतला, दोघींच्या जाड ग्लोव्ह्जमधून, आणि वर पोचेपर्यंत धरून ठेवला. वर तिने माझा फोटो काढला. लाल टोपी, गॉगल कपाळावर, तोंड उघडं टाकून हसतेय. "मस्त आलाय," ती म्हणाली.

दुपारी डोंगराच्या पायथ्याशी लॉजमध्ये आम्ही जेवायला थांबलो. मी काउंटरवर तिघांसाठी हॉट चॉकलेट घेत होते. काचेतून ताई बाहेर उभी दिसत होती, पाठमोरी, फोन कानाला. काय ते कळत नव्हतं, पण ती मोठ्याने बोलत होती, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं शब्द तोडून, आणि मधूनच हसत होती. आत आल्यावर मी विचारलं, "कोण होतं?" म्हणाली, "मैत्रीण." तिने कप दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. मी माझ्या ग्लोव्ह्जमधल्या हात शेकायच्या गरम पुड्या काढून तिला दिल्या.

रविवारी बर्फ थांबला आणि ऊन पडलं. इतका निळा रंग मी आभाळाला कधी पाहिला नव्हता. नाश्त्याला ताईने नुसता चहा घेतला. डोळे सुजलेले होते. झोप झाली नाही म्हणाली. पण डोंगरावर गेल्यावर ती आदल्या दिवसापेक्षाही मायेने वागली. सोप्या उतारावरून तिने मला वरपासून खालपर्यंत एकदाही न पडता आणलं. मग म्हणाली, "तू इथे कर, मी वरून एक चक्कर मारून येते." एकटीच शिखरावर गेली. मी खालून तिला बघत होते. त्या कोऱ्या उतारावर ती सरसर खाली येत होती, मागे वळणांची लांब रेघ. अवघड वाटेवर इतकं सहज कुणी उतरताना मी पाहिलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला.

पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या डिकीवर बसून मी बूट काढत होते. स्कीचे बूट काढणं म्हणजे कुस्ती असते. एक निघाला होता, दुसरा घोट्यात अडकला होता. ताई समोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऐक. बाबा गेले."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी विचारलं, "कुठे?"

"गेले गं. आज सकाळी. आपल्या सकाळी. काल स्ट्रोक आला होता."

"काल?"

"काल सकाळी दादाचा फोन आला. तेव्हाच हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. बोलता येत नव्हतं त्यांना."

बूट तसाच पायात होता. मी म्हणाले, "तुला काल माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. हिशेबाचा आवाज होता. "तुझा पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. देशाबाहेर पाऊल टाकलंस की नवा मिळेपर्यंत परत येता येत नाही. नोकरी गेली असती. आणि पोचली नसतीसच. केबिनमध्ये बसून रडली असतीस फक्त. मी पण गेले नाही, बघ. मी तुला दोन दिवस दिले. तू हसत होतीस. किती वर्षांनी."

मी तिला मारलं नाही. तसा विचार आला, पण एका पायात बूट असताना उभं राहता येत नव्हतं. शेवटी भावजींनी खाली बसून क्लिपा उघडल्या आणि तो काढला.

सामान घ्यायला आम्ही केबिनवर गेलो. मी चार्जर शोधत टीव्हीच्या मागे हात घातला तर वायफायच्या डब्याची वायर सुटी लोंबत होती. तुटलेली नव्हती, काढलेली होती. मी ती लावली. दिवे हिरवे झाले आणि माझ्या हातातला फोन थरथरायला लागला, थांबेचना. दादाचे सहा-सात कॉल. मावशीचे. आमच्या घरच्या ग्रुपवर हॉस्पिटलचं नाव, कोण पोचलंय, कोण येतंय, रक्त कुणाचं जुळतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझा फोटो. लाल टोपी, उघडं तोंड. खाली ताईने लिहिलं होतं, "बाबांना दाखवा." त्याच्याखाली कुणी काहीच लिहिलं नव्हतं. मग पुन्हा आयसीयू, पुन्हा डॉक्टर काय म्हणाले.

दारात भावजी दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभे होते. "मी तिला म्हणालो होतो," ते म्हणाले.

"काय म्हणाला होतात?"

"की संध्याकाळी तरी सांगू."

"वायर कुणी काढली?"

त्यांनी बॅगा उचलून गाडीकडे नेल्या.

मी तिथूनच दादाला फोन लावला. पुण्यात उशीर झाला होता, पण त्याने लगेच उचलला. मागे बायकांचे आवाज होते.

"आटपलं सगळं," तो म्हणाला. "वाट बघितली नाही. ताईने सांगितलं, दोघींसाठी थांबू नका."

"दादा, मला माहीतच नव्हतं रे. मला आत्ता कळतंय."

त्याने बाजूला जाऊन दार लावून घेतलं. मग म्हणाला, "काल ताई म्हणाली तुला सांगितलंय. तू म्हणालीस म्हणे, येऊन तरी काय उपयोग."

"मी असं म्हणाले नाही."

"काल रात्री तिचा फोन मी बाबांच्या कानाला लावला. ती बोलत होती त्यांच्याशी. म्हणाली, धाकटी पण इथेच आहे, मजेत आहे. त्यांनी मान हलवली. मी तुझ्या आवाजाची वाट बघत होतो, की आता तू फोन घेशील." मग तो म्हणाला, "टोपी शोभत होती तुला."

पुण्यातली काल रात्र म्हणजे आमची काल दुपार. तेव्हा मी काचेच्या आत उभी राहून त्या हॉट चॉकलेटवर क्रीम हवं की नको ते सांगत होते. ती काचेच्या बाहेर होती. एक दार उघडलं असतं तर मी त्यांना हाक मारू शकले असते. उत्तर आलं नसतं, पण त्यांनी ऐकलं असतं. तिने मला आत ठेवलं आणि हसून दाखवलं. बाबांची मी लाडकी होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ताईला सर्वांत जास्त. शेवटचा फोन तिला एकटीला हवा होता, असं मला वाटतं. तिला विचारलं तर ती नाही म्हणेल.

परतीच्या वाटेवर मी मागे बसले, माझ्या शेजारी ओल्या जॅकेटांचा ढीग होता. एका गॅस स्टेशनवर ताईने सगळ्यांसाठी कॉफी आणली. माझ्या कॉफीत तिने साखर घातली नव्हती, कारण मी घेत नाही हे तिला आठवत होतं. मी काच खाली केली आणि कॉफी बाहेर ओतली. ताई पुढे बघत म्हणाली, "गाडीला लागली बघ."

नंतर मी कंपनीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, जाऊ शकता, परत येण्याची खात्री देता येणार नाही, हल्ली महिनोन्महिने व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाही. मी रात्रभर तिकिटांची पानं उघडून बसले आणि गेले नाही. जाऊन काय बघणार होते? दहाव्याचे विधी दादाच्या मुलाने फोनवर दाखवले. कॅमेरा बहुतेक वेळ नदीच्या पायऱ्यांवर होता. दादाला मी खरी हकीकत पुन्हा सांगितली, सविस्तर, वायरसकट. त्याने ऐकून घेतलं. "तुमच्या दोघींत कोण खोटं बोलतंय ते मला शोधायचं नाही," तो म्हणाला. "दोघी आला नाहीत, एवढं मला दिसतंय."

तेराव्याला ताईने तिच्या घरी लोकांना बोलावलं. हॉलमध्ये बाबांचा हार घातलेला फोटो, समोर समई, आजूबाजूच्या मराठी घरांतले काका-काकू सतरंज्यांवर. ताई पांढऱ्या साडीत होती. एका काकूंनी विचारलं, बातमी कशी कळली गं? ताई म्हणाली, "आम्ही दोघी वर व्हरमाँटला होतो. फोन आला आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून..." तिला पुढे बोलवेना. तिचं रडणं खरं होतं. मी जवळून बघत होते, खरंच होतं.

मी म्हणाले, "मला सांगितलंच नव्हतं. ताईने लपवलं. बाबा गेल्यावरही आम्ही दुपारपर्यंत स्कीइंग करत होतो. बर्फ छान पडला होता."

कुणीतरी समईची वात उगाच पुढे सरकवली. मग त्याच काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, मोठी बहीण आहे. तुझ्या भल्यासाठीच केलं असेल. आजच्या दिवशी कशाला हे?" दुसऱ्या एका काकांनी विषय बदलून विमानांच्या भाड्यावर नेला. ताईच्या पाठीवरून दोघीतिघी हात फिरवत होत्या. माझ्या पाठीवरचा हात निघून गेला होता.

पाहुणे गेल्यावर ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही."

"मला वाटलंच." तिने आमटीचा डबा झाकण लावून माझ्यासमोर सरकवला. "घेऊन जा. तू घरी काही केलेलं नसणार."

मी तो डबा घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. घरी येऊन ओट्याशी उभ्यानेच आमटी खाल्ली, गरमही न करता. आईच्या हातची चव ताईच्या हाताला आलीय, माझ्या आली नाही. मी बोटाने डबा पुसून खाल्ला आणि घासून रिकामा ठेवला. तो परत द्यायला मी अजून गेलेले नाही, आणि तिनेही मागितलेला नाही.