काळ्याच्या तीन पट्ट्या

फोटोच्या दुकानात दोन गोष्टी फुकट साठतात, कागदाचे कपटे आणि किस्से. कपटे संध्याकाळी झाडून जातात. किस्से मात्र कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

उल्हासनगरच्या आमच्या दुकानात ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट मी काढते. काळा म्हणजे एकच काळा, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा येऊन बघावं. एक काळा निळ्याकडे झुकतो, एक तपकिरीकडे, तिसरा कुणाच्या अध्यात ना मध्यात. आधी त्याच फोटोची तिन्हींत एकेक नमुन्याची पट्टी काढायची, शटरबाहेर उन्हात धरायची, गिऱ्हाइकानं निवडली की मग मोठा प्रिंट. हा माझा नियम. आमच्या सिंधी शेठचा नियम वेगळाच: "चेहरा गोरा, कस्टमर खुश." इथंच आमचं वाजतं.

पालेगावच्या नव्या टॉवरमधले एक साहेब. ऊन लागतं म्हणून वडिलांच्या फोटोची पट्टी त्यांनी आतच, ट्यूबलाइटखाली निवडली. बाहेर या म्हटलं, ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन हजर. हॉलमध्ये बाबा निळे दिसतात म्हणे. मी म्हटलं, "मग बल्ब बदला. बाबा कशाला बदलताय?"

अंबरनाथचे एक रिटायर्ड फॅक्टरी ऑफिसर. भिंतीवर लावायचा स्वतःचा फोटो त्यांना जिवंतपणीच हवा होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. असलं अभद्र घरात नको, बायको म्हणाली. त्यांनी शांतपणे तपकिरी पट्टी निवडली आणि ही शाई किती टिकेल ते विचारलं. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त, मी म्हटलं. "मग घाई नाही," म्हणाले आणि बायकोला उसाचा रस प्यायला घेऊन गेले.

बदलापूरची एक आई लग्नाच्या मुलीला घेऊन आली. आई माझ्या एका कानात, जरा उजळ करा. मुलगी दुसऱ्या कानात, काही करू नका. चेहरा जिचा, तिचं मी ऐकलं. आई प्रिंट न घेता तणतणत गेली. शेठ भडकले. अजून एक कस्टमर असा परत गेला तर हा प्रिंटर विकतो आणि तुला पासपोर्ट फोटोवर बसवतो, म्हणाले. मी म्हटलं, "विका. चेहरे मी धुणार नाही." माझ्या रंगावरून लहानपणी मी कमी ऐकलेलं नाही. ते दुसऱ्या कुणाला माझ्या हातून ऐकायला लागू नये.

मग बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक बाई आली. आई वारलेली, जुना फोटो एकच. या वेळी शेठ स्वतः माउस धरून बसले आणि चेहरा चांगला उजळवून प्रिंट काढला. बाईनं तो निरखून पाहिला.

"ही कोन?"

"आपकी माँ है," शेठ म्हणाले.

"नाय. ही माझी आय नाय."

ती निघालीच होती. मी तिला थांबवलं, मूळ फोटोच्या पट्ट्या काढल्या आणि तिला उन्हात नेलं. तिनं बांगड्या मागे सारल्या, आपला हात एकेका पट्टीशेजारी धरला आणि तपकिरीवर थांबली. "अशी होती. माझ्यावानी." मी तसाच प्रिंट काढला. शेठ दारातून सगळं बघत होते.

शेठच्या गल्ल्यामागे त्यांच्या आईचा मोठा फोटो असायचा, चंदनाचा हार घातलेला, दुधासारखी गोरी आई. दुसऱ्या दिवशी बघते तर भिंतीवर नुसता खिळा. शेठ माझ्या टेबलापाशी आले, पाकिटातून आईचा जुना, चुरगळलेला फोटो काढून समोर ठेवला.

"मयुरी बेटा, पहले स्ट्रिप निकाल," म्हणाले. मग शटरबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले आणि शर्टाची बाही वर दुमडायला लागले.