खुर्चीचे आडनाव

कोलकात्यात आल्यापासून श्यामकांत कासार यांचे निम्मे आयुष्य एका इंग्रजाच्या आडनावाने गेले आणि त्याबद्दल त्यांना कधी कोणी धन्यवाद दिले नाहीत.

न्यू टाउनमधल्या त्यांच्या कचेरीत इंग्लंडातल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचे काम चाले. तिकडच्या घरांतली पाणी तापवण्याची यंत्रे बिघडली की इकडच्या माणसाने दिलगिरी व्यक्त करायची, असा तो व्यवहार. परक्या नावाने गिऱ्हाईक बिचकते, म्हणून प्रत्येकाला इंग्रजी नाव घ्यावे लागे. इतरांनी तोंडाला येईल ते घेतले. श्यामकांतराव मात्र नागपूरचे इंग्रजीतले एम.ए. त्यांनी एस्प्लनेडच्या पदपथावरून इंग्रजी आडनावांचा जुना कोश आणला आणि पुष्कळ विचारांती 'फ्लेचर' निवडले.

फ्लेचर म्हणजे बाण तयार करणारा. आपल्याकडच्या लोहार, सुतारांप्रमाणेच धंद्यावरून पडलेले आडनाव. बंदुका आल्या, बाण गेले, कारागीरही गेले. आडनाव तेवढे बापाकडून मुलाकडे चालत राहिले. उत्तर इंग्लंडात ते सर्रास आढळते. ऐकणाऱ्याला त्यात ना खानदानाचा दिमाख वाटतो, ना हलकेपणा. "आपण कासार, ते बाणवाले. दोघेही हातांवर पोट असणाऱ्यांच्या वंशातले," असे ते पत्नीला कौतुकाने सांगत.

"अहो फ्लेचरसाहेब, बाण राहू द्या," मंजुषाबाई म्हणत, "आधी कोथिंबीर आणा."

त्या आडनावाचा वापरही त्यांनी कसून आत्मसात केला. एखादी वृद्धा 'मिस्टर फ्लेचर' म्हणाली, तर राग अजून आवरण्याजोगा आहे असे समजावे. कोणी नुसतेच 'फ्लेचर' म्हणून गरजला, तर तो बहुधा निवृत्त फौजी किंवा शाळामास्तर. आणि बोलता बोलता 'पीटर' हे त्यांचे फोनवरचे पहिले नाव आले, की तक्रार मिटलीच.

कचेरीचा रिवाज असा, की नाव माणसाचे नसे, खुर्चीचे असे. जुना माणूस उठला की नव्याने त्याच खुर्चीत बसून त्याच नावाने बोलायचे. सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला पत्ता लागता कामा नये. पुढे श्यामकांतरावांना नव्या मुलांच्या प्रशिक्षणावर नेमण्यात आले आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेला केयूर फ्लेचर झाला.

"सर, गिऱ्हाईक म्हणतात तुमचा आवाज तरुण झालाय," केयूर हसून सांगे. "मी म्हणतो, हवापालट केला!"

तोवर श्यामकांतरावही हसत. परंतु यंदा प्रशिक्षण विभाग मार्चअखेर बंद होणार असे ठरले आणि त्यांचे हसू मावळले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभे करणार? कामाचा दर्जा पाहणाऱ्या प्रमुखाची एकच जागा निघणार होती. ती भरण्यासाठी इंग्लंडहून संचालिका मिसेस हॅलम स्वतः येणार होत्या आणि त्यांनी कळवले होते, सर्वप्रथम मला मिस्टर फ्लेचरना भेटायचे आहे. श्यामकांतरावांनी कोट इस्त्रीला दिला.

आदल्या दिवशी व्यवस्थापक सुबीर घोषाल त्यांना म्हणाले, "कासारदा, उद्या केयूर भेटेल बाईंना. फ्लेचर आता तोच ना?"

"आणि इतकी वर्षं ते काम कोणी केलं?"

"खुर्चीनं!" घोषाल खदखदून हसले. "दादा, हा रिवाज नव्या पोरांना तुम्हीच शिकवता. विसरलात?"

विसरले नव्हते, हेच तर दुखणे होते. 'नावाचा मोह धरू नका,' हे वाक्य त्यांनीच प्रत्येक तुकडीला ऐकवले होते.

दुसऱ्या दिवशी सभागृहात फुले, संदेशाची मिठाई, शिंगाडा नावाचे बंगाली सामोसे, सगळा थाट होता. मिसेस हॅलम यांनी केयूरचा हात हातात घेतला. "मिस्टर फ्लेचर! काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत माझ्या आईचं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीवाला येईपर्यंत तुम्ही तिच्याशी बोलत राहिलात. ती अजून आठवण काढते. काय बोललात एवढं?"

 केयूरने मागच्या रांगेत बसलेल्या श्यामकांतरावांकडे पाहिले.

श्यामकांतराव उभे राहिले. "त्यांच्या बागेतल्या वाटाण्यांविषयी, मॅडम. तो फ्लेचर मी होतो."

"खरं आहे, मॅडम," केयूर घाईने म्हणाला. "मी नंतर आलो. आमच्याकडे नाव खुर्चीचं असतं."

घोषालांनी डोळे मिटून घेतले. परंतु बाईंच्या मुद्रेवर राग दिसेना. उलट त्या उजळल्या. "म्हणजे माणूस बदलला तरी फ्लेचर तोच? आणि माझ्या आईला संशयसुद्धा आला नाही?"

"कधीच नाही," श्यामकांतराव अभिमानाने म्हणाले.

"उत्तम!" त्या घोषालांकडे वळल्या. "येत्या एप्रिलपासून फोनवर माणसाऐवजी संगणकानेच बोलावं असा बेत आहे. लोक ते स्वीकारतील का, हीच एक धास्ती होती. आता नाव सापडलं. यांच्या जुन्या संभाषणांचं ध्वनिमुद्रण असेलच?"

"सगळं जपून ठेवलंय, मॅडम," घोषाल म्हणाले.

"मग आवाजही झाला. दर्जा आम्ही तिकडूनच तपासू. त्या जागेची आता गरज नाही." एवढे सांगून झाल्यावर त्यांना शिष्टाचार आठवला. "आणि तुमचं खरं नाव?"

"कासार."

"त्याला काही अर्थ आहे?"

एवढ्या वर्षांत त्या कचेरीत हा प्रश्न प्रथमच कोणी विचारला होता. श्यामकांतरावांकडे त्याचे सविस्तर उत्तर होते: तांब्यापितळेची भांडी, बायकांच्या हातांत भरलेल्या काचेच्या बांगड्या, गावोगावचे बाजार. "बांगड्यांचा व्यापार करणारा," ते म्हणाले.

"किती गोड!" असे म्हणून बाईंनी संदेशाचा तुकडा उचलला आणि त्या पुढच्या रांगेकडे सरकल्या.

उद्वाहनापाशी केयूरने त्यांना गाठले. "सर, खरं सांगितलं तर तुमचं भलं होईल असं वाटलं."

"माझं काम गेलंच होतं," ते म्हणाले. "मी उभा राहिलो आणि तुझंही घालवलं."

घरी मंजुषाबाई दारातच थांबल्या होत्या. "काय झालं?"

"फ्लेचरला कायम केलं."

"आणि तुम्हाला?"

श्यामकांतरावांनी कोट काढून खुंटीला लावला. "मला विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय."