ओट्यावरचा बारा व्होल्टचा दिवा

लाइट गेली की आमच्या घरात बोलणं सुरू व्हायचं. नाशिक रोडला आमचं तळमजल्यावरचं क्वार्टर होतं आणि पुढे सिमेंटचा ओटा. ऐंशी सालानंतरचे ते उन्हाळे. संध्याकाळी जेवणं उरकता उरकता वीज जायची आणि बराच वेळ यायची नाही. मग बाबा, आई, शेजारच्या काकू आणि मी ओट्यावर येऊन बसायचो. काकू उजेडात भाजीबद्दल बोलत, अंधारात सासूबद्दल. मीही अंधारातच बोलायचे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी मध्येच अडायचं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून की काय, बोलताना माझा हात आपोआप तोंडापुढे जायचा. अंधारात हाताला सुट्टी असे.

आमच्याकडे बाबांची थोरली बहीण राहायची. आत्या शाळेत शिकवत होती; ऐकू येईनासं झालं म्हणून तिने नोकरी सोडली. घरात सगळे तिच्याशी ओरडून बोलत. ओरडण्याचा काही उपयोग नव्हता, हे मला बरंच आधी कळलं होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आत्या ओठ बघत असे. पाठमोरं राहून कितीही ओरडा, तिला पत्ता लागत नसे. समोर बसून पुटपुटलं तरी कळे.

त्यामुळे लाइट गेली की ती ओट्यावर थोडा वेळ बसायची आणि "झोप येतेय गं" म्हणून आत जायची. एकदा मी मेणबत्ती घेऊन आत गेले, तर ती पलंगावर जागीच बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "लाइट गेली की तुम्हाला कंठ फुटतो आणि मी ठार बहिरी होते." तक्रार नव्हती. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाली.

ओट्यावर मेणबत्ती वाऱ्याने टिकत नसे, आणि कंदिलाच्या हलत्या उजेडात ओठ नीट दिसत नसत. मी तेव्हा बारावीला होते. फिजिक्सच्या पुस्तकात रिलेची आकृती होती. ती मी बाबांना दाखवली; लाइट गेली की आपोआप लागेल असा बॅटरीचा दिवा त्यावरून करता येणार होता. बाबांना असल्या खटपटींची भारी हौस. रविवारी ते द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमधून जीपची जुनी बॅटरी रिक्षात पायाशी धरून घेऊन आले.

"हे अ‍ॅसिडचं धूड माझ्या पापडांपासून लांब ठेवायचं," आई म्हणाली.

"पापड काय, हिला अजून पाणीसुद्धा आवडीचं लागतं," बाबा म्हणाले आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली दाखवली.

बॅटरी खिडकीखाली लाकडी फळीवर बसली. तिच्याशेजारी चार्ज करायला ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड, आणि काड्यापेटीएवढा रिले. मला त्या रिलेचं फार कुतूहल वाटे. लाइट असेपर्यंत त्यातलं चुंबक एक लोखंडी पत्री ओढून धरायचं. लाइट गेली की चुंबकातला जोर जायचा, स्प्रिंग पत्रीला मागे खेचायची, आणि पत्री बॅटरीच्या तारेला जाऊन टेकायची. टक्. वीज नसणं हेच ज्याला बटण, असं यंत्र मी पहिल्यांदाच बघत होते. मी मेन स्विच पाडून पाडून तो आवाज ऐकत बसायचे, ते आईने थांबवलं.

ओट्यावर गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब टांगला, बाबांनी पत्र्याची टोपी करून दिली. कुठे टांगायचा यावर चर्चाच झाली नाही. आमच्याकडे पहिलं ताट आत्याचं, पंख्याखालची जागा आत्याची. तसा दिवाही आत्याच्या खुर्चीवर.

त्याच संध्याकाळी लाइट गेली. टक्. आत्या एकटी लख्ख उजळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कसं वाटतंय, ताई?" बाबा ओरडले.

"छान हो, छान."

मग काकूंनी विचारलं, "ताई, उद्या पापड लाटायला येऊ की परवा?" आत्या हसून म्हणाली, "हो हो." सगळे हसले. आत्याही हसली, पण सगळ्यांच्या नंतर. काही वेळाने ती झोप येतेय म्हणून उठली.

मला कोडं पडलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कानांत कापूस घातला, मेन स्विच पाडला आणि तिच्या खुर्चीत बसले. डोक्यावर झगमगाट. समोर आई काहीतरी बोलत होती, बहुधा स्विचबद्दलच. मला तिची नुसती काळी आकृती दिसली. आम्ही उजेड मानाने दिला होता, आणि तो चुकीच्या माणसाच्या तोंडावर पडला होता.

मी स्टुलावर चढले आणि दिवा काढून समोरच्या खांबाला टांगला, टोपी आमच्या बसायच्या जागेकडे वळवून.

त्या रात्री टक् झालं आणि आम्ही तिघं-चौघं उजेडात आलो.

"अगंबाई, चौकीत जबानीला बसवल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या आणि पदर सारखा करून गप्प झाल्या. सासूचा विषय निघाला नाही. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. आईने तांदूळ निवडायला घेतले. पाखरं तेवढी बल्बवर आपटत होती. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली होती आणि एकेकाच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती. आता तिला सगळं दिसत होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं.

आता ती उठणार, हे मला तिच्या हातांवरून कळलं. ते खुर्चीच्या दांड्यांवर आले होते.

मी स्टूल ओढलं आणि बरोबर दिव्याखाली बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "आत्या, हा दिवा आपोआप कसा लागतो, सांगू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "सावकाश," ती म्हणाली. "आणि आधी तो हात काढ."

मी हात मांडीवर ठेवला. चुंबक, पत्री, स्प्रिंग; जिथे मराठी शब्द सापडला नाही तिथे बोटांनी दाखवलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी म्हणत होते, "म्हणजे चुंबक सोडतं तेव्हा..." आणि टक् झालं. लाइट आली. बल्ब तत्काळ विझला, आणि खोलीतली ट्यूब नेहमीसारखी लुकलुकत, लागू की नको करत राहिली. माझं वाक्य त्या काळोखात संपलं.

ट्यूब लागली. काकू उठून घरी निघाल्या, आई सुपातले तांदूळ घेऊन आत गेली. आत्या जागची हलली नव्हती. तिने मला बोटाने खूण करून दारातल्या उजेडात बोलावलं.

"मधलं गेलं," ती म्हणाली. "परत सांग. चुंबकानं सोडलं, मग?"