डावरी सुरी

मी डावरी. लहानपणी हळदीकुंकवाच्या ताटापासून देवाच्या फुलांपर्यंत जिथं तिथं माझ्या डाव्या हातावर चापट बसली. जेवायला आणि लिहायला उजवा हात वळवून घेतला, पण बारीक काम आलं की डावाच पुढं यायचा.

नाशिकच्या कडेला आमची गुलाबाची शेती. थंडीत रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरून तिच्यात चांगल्या जातीच्या फांदीवरून सालीसकट अलगद कापलेला डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि पट्टीनं आवळून बांधायचा. डोळे भरण्याचं हे काम नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दोन हजार सालाच्या सुमारास त्यांना मोतीबिंदूनं जवळचं धूसर दिसू लागलं. ऑपरेशनचं नाव काढलं की ते तडक उठून जायचे. आता बाहेरचा माणूस बोलवावा लागणार, असं आई म्हणू लागली.

मला ते काम हवं होतं, अगदी मनापासून. पण आदल्या वर्षी मी हट्टानं नानांच्या सुरीनं एक वाफा भरला होता; माझा काप सालीखालच्या लाकडात घुसत राहिला आणि त्यातला एकूण एक डोळा काळा पडला. "डाव्या हाताचा डोळा धरत नाय," एवढंच नाना म्हणाले होते. ते बोलणं मला वर्षभर सलत राहिलं.

एकदा भाजी चिरता चिरता लक्षात आलं, की घरातल्या साध्या सुरीनं माझा काप सरळ जातो. मग नानांच्या सुरीनंच तो लाकडात का घुसतो? दोन्ही सुऱ्या उजेडात धरल्या. घरातल्या सुरीच्या धारेला दोन्हीकडून उतार होता. नानांच्या सुरीला एकाच बाजूनं, दुसरी बाजू सपाट. त्यांच्या उजव्या हातात सपाट बाजू फांदीला टेकायची, माझ्या डाव्या हातात उतार टेकायचा. एवढंच होतं! मला असा संताप आला की भाजी अर्धवट टाकून उठले.

पंचवटीतून लाकडी मुठीची, असेल त्यातली स्वस्त सुरी आणली. शेजारचे काका अंबडला कारखान्यात होते, त्यांच्याकडून कानस मागितली.

"कोणाचा गळा कापतीस गं?"

"अजून ठरलं नाय, काका."

पातं दोन फळ्यांत आवळून पायाखाली दाबलं आणि घासत बसले. उतार नानांच्या सुरीला होता त्याच्या बरोबर उलट बाजूला. टोक आखूड केलं. मूठ हाताला टोचत होती, ती काचेच्या तुकड्यानं खरवडून बारीक केली आणि तेल चोळलं. शेवटी ओल्या दगडावर धार. बोटं काळीकुट्ट झाली, ओढणीभर लोखंडाचा कीस.

"एवढं मन लावून कधी पोळ्या लाटल्या असत्यास," आई म्हणाली.

नानांना न विचारता कडेचा वाफा भरला. पट्ट्या सोडायच्या दिवशी मात्र ते स्वतः येऊन उभे राहिले. दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी एकेक डोळा चाचपत निघाले. चार-दोन वाळलेले निघाले, बाकीचे टच्च फुगलेले होते. वाफ्याच्या टोकाला जाऊन नाना उकिडवे बसले.

"धरलेत," ते म्हणाले. "सुरी बघू."

मी दिली. त्यांनी उजव्या हातानं एका काडीवर काप घेतला, तो लाकडात घुसला. दुसरा घेतला, तोही घुसला. मग त्यांनी पात्याच्या दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला.

"ही डावरी हाय."

"हो, नाना."

त्यांनी कमरेची आपली सुरी काढली आणि तिच्यावरूनही तसाच अंगठा फिरवला. मी पट्ट्या गोळा करत राहिले.

"म्हंजी ही उजवी व्हती," ते शेवटी म्हणाले, "आन् आम्ही तुझ्या हातावर मारत राहिलो."