भरल्यावर बसलेला काटा

कसबा बावड्यातला बाळासो वायरिंगवाला गाडी आली की आधी बॉनेट उघडत नाही. बिडी न पेटवताच कानामागं खोचतो, सीटवर वर्तमानपत्र टाकून बसतो आणि डॅशबोर्डाकडं बघत राहतो. गाडीला आधी बोलू द्यावं, अशी त्याची रीत.

आजची गाडी नंदिनीबाईंची. जुनी, विलायती. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई ती स्वतः चालवतात, पण हौस सगळी यजमानांची, यज्ञेश्वर सरांची. सर वैशाखात गेले. परवा पन्हाळ्याच्या चढाला गाडी बंद पडली. टाकी कोरडी, आणि पेट्रोलचा काटा मात्र भरल्यावर. पुण्याच्या मुलानं, धवलनं, फोनवरच ठरवून टाकलं: रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो.

“काटा नीट झाला तर त्याला नको म्हणता येईल मला,” बाई म्हणाल्या. “पण सगळे म्हणतात, मीटरच गेलाय. आता मिळत नाही.”

“मीटरनं सांगितलं व्हय तसं?”

बाळासोनं डिकीतली चटई उचलली. खाली टाकी. तिच्या डोक्यावरच्या झाकणाला मीटरची वायर होती. ती सोडवून त्यानं गाडीच्या पत्र्याला बांधली, मागं सरला. “फिरवा चावी.”

काटा सरसरत रिकाम्यावर आला.

“बघा बाई. मीटर जित्ता हाय, वायरबी हाय. ह्या गाडीचं असंच. करंटाची परतायची वाट तुटली की काटा भरल्यावर जाऊन बसतोय.”

चावी बंद करून त्यानं वायर जागेवर लावली, आणि झाकणाच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत वायरचा एक जादा तुकडा जोडला. पुन्हा चावी. काटा पाव टाकीवर येऊन थांबला. कालच भरलेलं तेवढंच.

“अर्थिंग न्हाय. टाकी गाडीला टेकतीया, पन मधी रंग हाय, त्यातनं करंट परतत न्हाय. कुनी मारला?”

बाईंनी वाकून टाकीकडं पाहिलं. “ह्यांनी. खंडेनवमीच्या पूजेला गाडी कोरी दिसावी म्हणून. टाकी खाली उतरवून, दिसत नाही तिथंसुद्धा दोन दोन हात. दर शनिवारी पेट्रोल भरायचे, काट्याकडं बघायचेच नाहीत.”

“आमच्यात पूजा न्हाय. पन हत्यारं त्या दिवशी मीबी पुसून ठेवतो की.” बाळासोनं टाकीचा नट सैल करून पॉलिश पेपर काढला. टाकी टेकते त्या कोपऱ्यात काळ्या रंगात ब्रशचा एक केस चिकटून बसला होता. त्यानं हात आखडला. “खरडावं लागंल. न्हायतर हा वायरचा तुकडाच ठेवतो. चालंल कामापुरतं.”

“कामापुरतं नको.”

बाईंनी पदर खोचला, तो केस नखानं सोडवून रुमालात ठेवला आणि स्वतःच घासायला लागल्या. रुपयाएवढा पत्रा उघडा पडला, पांढरा, लखलखीत. बाळासोनं नट आवळला, जादा तुकडा काढून घेतला. काटा पावावरून हलला नाही.

बाईंनी तिथंच फोन लावला. “धवल, रविवारी ये. एकटाच ये. पन्हाळ्याला जाऊ, मी चालवते.”

पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. बाई काट्याकडं बघत होत्या.

“आधी पंपावर चला,” बाळासो म्हणाला आणि वर्तमानपत्र उचलून शेजारच्या सीटवर पसरून बसला.